देठाचा रंग

नागपूरच्या मे महिन्यात आपण जे शहाळं पितो, ते बहुतेक दक्षिणेकडून ट्रकनं आलेलं असतं. मग संत्र्याची बाग सांभाळणारा शेतकरी विचारतो, की हा माड आपल्या बांधावर का नाही? याचं उत्तर शिकायला मी भाट्याचं नाव सुचवीन.

रत्नागिरीहून पावसच्या रस्त्यानं खाडीपलीकडे गेलं, की भाट्याच्या प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राची बाग लागते. 1955 सालचं हे केंद्र आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. कोकणचा जुना सोबती बाणवली माड. तो उंच, दीर्घायुषी. पण फळायला सहा-सात वर्षं घेतो आणि नारळ उतरवायला पाडेली लागतो. पाडेली आता मिळत नाहीत. नारळ विकास मंडळानं 2011मध्ये माडावर यंत्रानं चढण्याचं प्रशिक्षण सुरू केलं, ते याच अडचणीपायी. ठेंगू माड तीन-चार वर्षांत धरतो आणि पहिली काही वर्षं घड जमिनीवर उभं राहून कापता येतो. त्यातला नारिंगी फळांचा चौघाट ऑरेंज ड्वार्फ खास शहाळ्याचा. खोबऱ्यासाठी तो लावू नये.

खरी शिकवण रोपवाटिकेत आहे. तिथं या दोन्ही माडांचा संकर करताना ठेंगू माडाची पोय उमलली, की तिच्यातली नरफुलं काढून टाकतात आणि मादीफुलांवर उंच माडाचा पराग सोडतात. निलेश्वरला जे. एस. पटेल यांनी 1932मध्ये उंच आणि ठेंगू माडांचा संकर केला, तेव्हापासूनची ही वाट. मादी नारिंगी असेल, तर रुजलेल्या रोपाचा देठ पाहायचा: नारिंगी निघाला तर ते स्वपरागाचं, हिरवट-तपकिरी निघाला तर संकरित. ही नजर शेतकऱ्याला आलीच पाहिजे, असं मला कळकळीनं वाटतं. चुकीचं रोप घेतल्याचं कळेपर्यंत त्याची चार वर्षं गेलेली असतात, आणि दोन एकरवाल्याजवळ तेवढी वर्षं वाया घालवायला नसतात.

पण ठेंगू माड पाण्याचा ताण सोसत नाही. बाणवली एखादा कोरडा उन्हाळा निभावून नेईल. ठेंगू मात्र फुलोरा आणि कोवळी फळं गाळतो. विदर्भात पारा पंचेचाळीसपुढे जातो, तेव्हा विहीर तळ गाठत असेल तर हा माड लावूच नये. पाणी असेल, तर आळ्यात पालापाचोळ्याचं जाड आच्छादन आणि ठिबक हवंच. पहिले दोन उन्हाळे रोपाला सावलीही लागते. कोकणात त्यासाठी झावळ्या खोचतात. आपल्याकडे तुराट्या आणि पऱ्हाट्या आहेत. त्या जाळून टाकण्याआधी रोपांपुरत्या बाजूला काढून ठेवाव्यात.