विश्वासांगीकारातली जुनी भर

निकियाच्या धर्मसभेला १७०० वर्षं झाल्यानिमित्त २८ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे आणि कॉन्स्टँटिनोपलचे पात्रिआर्क बार्थोलोम्यू यांनी तुर्कस्तानात इझनिकला, म्हणजे जुन्या निकियातच, एकत्र प्रार्थना केली. विश्वासांगीकार म्हटला तो ३८१ सालच्या रूपात: पवित्र आत्मा पित्यापासून निघतो, एवढंच. ‘आणि पुत्रापासून’ ही पश्चिमेने मागाहून घातलेली भर त्यात नव्हती. रोमन मिस्सेत मात्र ती आजही जिथल्या तिथे आहे. हे बोचतं.

एरियसचा वाद, अथानासियसचे हद्दपारीचे फेरे, सम्राटांच्या लहरी हे सारं पुष्कळदा सांगून झालंय. ही भर मात्र शिरली ती नंतर, स्पेन आणि फ्रँकांच्या राज्यात. पोप लिओ तिसरे यांना तिच्यातली शिकवण मान्य होती, तरी त्यांनी मूळ मसुदाच चांदीच्या पत्र्यांवर कोरून रोममध्ये लावला. १०१४मध्ये रोमनेच ही भर स्वीकारून तो मसुदा मोडला. त्यापुढची शतकं बहुतेक भांडणाचीच.

आमच्या पिढीने आशेने पाहिलं ते १९७८ ते १९८८ हे दशक. १९७८च्या लॅम्बेथ परिषदेने अँग्लिकन चर्चेसना ही भर गाळण्याचा विचार करायला सांगितलं. क्लिंगेंथाल इथे पूर्व-पश्चिमेच्या धर्मपंडितांनी एकत्र बसून मूळ रूपच सर्वांचं मानावं असा निष्कर्ष काढला. डिसेंबर १९८७मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आणि पात्रिआर्क दिमित्रिओस यांनी संत पेत्राच्या महामंदिरात विश्वासांगीकार ग्रीकमध्ये, भरीविना, म्हटला. पंडितांचं काम तिथेच संपलं होतं; उरला होता तो अधिकाऱ्यांचा निर्णय, आणि तो आजवर लांबणीवर पडत आलाय. पाहुणे आले की मूळ मसुदा, ते गेले की आपला, हा शिरस्ता त्या दशकातच पडला.

भर काढली तर पुत्राचं देवत्व उणावेल, असा आक्षेप घेतात. त्यामागची काळजी खरी आहे. पुत्राला कमी लेखणाऱ्यांशी लढतानाच ती रुजली. पण ‘पित्याशी एकतत्त्व’ हे शब्द निकियाने त्याचसाठी घातले होते. आत्मा पुत्रापासूनही निघतो ही ऑगस्टीनची शिकवण पश्चिमेने खुशाल शिकवावी. सर्वांच्या कबुलीत एकट्याने भर घालण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. शिवाय लॅटिन विधीच्या ग्रीक भाषेतल्या उपासनेतही रोम ती भर घालू देत नाही, हे व्हॅटिकनने १९९५मध्ये स्वतःच स्पष्ट केलं. ग्रीकमध्ये उपासना करणाऱ्या कॅथलिकांची त्रैक्यावरची श्रद्धा त्यामुळे ढळलेली नाही. सामान्य भाविकाला याचं काय, असंही विचारतात. मुंबई-पुण्यातले मलंकारा ऑर्थोडॉक्स आणि त्यांचे कॅथलिक शेजारी एकाच त्रैक्याची कबुली देतात, पण या ओळीशी त्यांचे आवाज वेगळे होतात. लॅटिन मिस्साग्रंथ बदलायला नवी धर्मसभा लागत नाही. पोपची आज्ञा पुरते.