अवेळी वाजलेला भोंगा

चंद्रपूरच्या खाण कॉलनीत माझं लहानपण गेलं. घड्याळ घरात होतं, पण ते बघायचं कुणी? भोंगा वाजला की पाळी बदलली, भोंगा वाजला की डबा भरायचा. मात्र हाच भोंगा अवेळी वाजला, की सगळ्या बाया हातातलं काम टाकून दारात यायच्या. कुणाच्या हाताला कणीक, कुणाच्या डोक्यावर टॉवेल तसाच. बोलायचं कुणीच नाही. सगळ्यांच्या नजरा रस्त्यावर. जीप कुणाच्या घरापुढे थांबते?

१९९७ साली, मी नववीत असताना, ती शेजारच्या काकूंच्या दारात थांबली.

काका ड्रेसर होते. मैत्रिणींनो, ड्रेसर म्हणजे सुरुंग उडवल्यावर लांब सळई घेऊन पुढे जाणारा माणूस. तो छतावर सळईने ठोकून बघतो. ठणठणीत आवाज आला तर दगड पक्का, भद्द आवाज आला तर सुटलेला. सुटलेला दगड आधी खाली पाडायचा, मगच बाकीच्यांनी आत यायचं. सगळ्यांसाठी छत तपासणारा माणूसच छताखाली सापडला.

जमिनीखाली कोळसा काढताना मध्ये मध्ये कोळशाचेच खांब ठेवतात. छत त्यांच्यावर तोललेलं असतं. पुढे तेही खांब मागून कापत यायचे, त्याला डिपिलरिंग म्हणतात. मागची पोकळी, म्हणजे गोफ, मुद्दाम कोसळू द्यायची. ती आपल्या मागेच कोसळावी, डोक्यावर नाही, एवढाच काय तो हिशेब! म्हणून हे काम सगळ्यात जोखमीचं. छताचा दगड थराथरांचा असतो. त्यात पाणी झिरपलं, चीर पडली की अख्खी लादी सुटते. पूर्वी आधाराला लाकडी बल्ल्या लावत. भार वाढला की लाकूड करकरायचं. "लाकूड बोलतं," असं माझे वडील म्हणायचे. आता दगडात पोलादी बोल्ट ठोकतात. ते जास्त पक्के, पण बोलत नाहीत. म्हणून छत किती खाली आलं ते दाखवणारी उपकरणं बसवावी लागतात.

१९७५ साली चासनाला खाणीत पाणी शिरलं आणि ३७५ माणसं गेली. ते देशाला कळलं, त्यावरून सिनेमाही निघाला. छत कोसळतं तेव्हा बहुधा एक जातो, दोन जातात. पेपरात कोपऱ्यात चार ओळी. असे एकेक करत गेलेले किती, ते मोजायला कोण बसतं?

बायका खाणीत नव्हत्याच, असं मात्र समजू नका. पूर्वी नवऱ्याने कोळसा फोडायचा आणि बायकोने टोपलीत भरून वाहायचा. १९२९ पासून त्यांना हळूहळू जमिनीवर आणलं. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९४३ साली पुन्हा खाली पाठवलं, १९४६ ला पुन्हा बंद! २०१९ मध्ये सरकारने काही अटींवर परवानगी दिली.

काकूंपुढे तेव्हा वेगळाच प्रश्न होता. तेराव्यालाच घरची मंडळी म्हणू लागली, "तू कशाला नोकरी करतेस? नाव सोड, दिराला लागू दे. तो बघेल तुमचं." पदरात दोन मुलं, शिक्षण सातवी. काकूंनी एक रात्र विचार केला आणि सकाळी स्वतःच्या नावाच्या अर्जावर सही केली. दीर वर्षभर बोलला नाही. न बोलेना का!

त्यांना लॅम्प रूममध्ये काम मिळालं. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला नंबरचा टोपीदिवा द्यायचा आणि पाळी सुटली की परत घेऊन चार्जिंगला लावायचा. ज्याचा दिवा परत आला नाही, तो माणूस अजून खाली.

काकूंची पाळी चार वाजता सुटायची, पण त्या कधी साडेचार, कधी पाचला यायच्या. आई विचारायची, "आज उशीर?"

"एक दिवा यायचा होता," काकू म्हणायच्या आणि चहाचं आधण ठेवायला घरात जायच्या.