स्वप्रकाशित पुस्तक आणि गावातले कार्यक्रम : तंजावरच्या अब्राहम पंडितरांचे उदाहरण

स्वखर्चाने पुस्तक छापणे आज अवघड राहिलेले नाही. फाइल तयार असेल तर शंभर प्रतीही छापून मिळतात. अडचण पुढे येते. प्रती घरी येतात, आठ-दहा नातेवाइकांना भेट जातात आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर चढतात. मोठ्या प्रकाशकाजवळ विक्रेत्यांचे जाळे असते, जाहिरातीला पैसा असतो. स्वप्रकाशित लेखकाजवळ यांपैकी काही नसते. त्याच्याजवळ असते ते त्याचे गाव आणि त्या गावातली माणसे. या भांडवलाचा उपयोग कसा होतो, हे या पाठात पाहू. उदाहरण तंजावरचे आहे.

तंजावरचे नाव काढले की मराठी विद्यार्थ्याला सरफोजी राजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. १८०५ च्या सुमारास सरफोजींनी तेथे देवनागरी छापखाना घातला आणि इसापनीतीचे मराठी भाषांतर छापले. पण तो राजाचा छापखाना होता. प्रती खपल्या नाहीत म्हणून कोणाच्या घरची चूल विझणार नव्हती. आपल्या विषयाला उपयोगी पडतो तो त्याच शहरातला, शंभर वर्षांनंतरचा एक वैद्य.

अब्राहम पंडितर (१८५९–१९१९) मूळचे तिरुनेलवेलीकडचे. तंजावरात आधी शिक्षक, मग सिद्ध वैद्य. औषधांच्या धंद्यात त्यांनी चांगला पैसा मिळवला आणि तो संगीताच्या अभ्यासात घातला. सप्तकात श्रुती किती, बावीस की चोवीस, हा त्यांचा प्रश्न होता. बावीस श्रुतींचे मत प्रचलित होते. आपल्याकडे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये त्याच मताचे पुस्तक काढले होते. पंडितरांना ते मान्य नव्हते. या वादावर त्यांनी तमिळमध्ये हजारावर पानांचा ‘करुणामृत सागरम्’ हा ग्रंथ लिहिला आणि १९१७ मध्ये तो स्वतःच्या छापखान्यात छापून स्वतःच प्रसिद्ध केला.

आता सनावळीकडे नीट पाहा. ग्रंथ १९१७ चा; पण ‘संगीत विद्या महाजन संगम’ ही संस्था त्यांनी १९१२ मध्येच स्थापन केली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तंजावरात पहिली संगीत परिषद भरवली. पुढच्या काही वर्षांत आणखी परिषदा झाल्या, खर्च पंडितरांचा. गायक, वादक, शास्त्री एकत्र आले, त्यांनी मते मांडली, विरोधही केला. १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. भातखंडे तिचे प्रमुख सूत्रधार होते. पंडितर तेथेही गेले आणि आपले मत मांडले. त्यांच्या घरच्या स्त्रियांनी वीणेवर त्याचे प्रत्यक्ष दर्शन घडवले. म्हणजे ग्रंथ बाहेर पडला तेव्हा त्यातला प्रश्न माहीत असलेली, त्यावर भांडलेली माणसे दक्षिणेत आणि बडोद्यापर्यंत तयार होती. त्यांचे मत सर्वांना पटले असे नव्हे. श्रुतींचा वाद पुढेही चालू राहिला. पण मत न पटणारा वाचकही वाचकच असतो.

या परिषदा स्वस्त मुळीच नव्हत्या, आणि त्यांचा खर्च तुम्ही उचलू नये. घ्यायचा आहे तो क्रम: आधी विषयाभोवती माणसे जमवायची, मग पुस्तक. आपल्याकडे बहुतेक लेखक उलट करतात. पुस्तक छापतात, मग एका संध्याकाळी हार, शाल, तीन पाहुण्यांची लांबलचक भाषणे असा प्रकाशन समारंभ करतात आणि तिथेच थांबतात. त्या भाषणांत पुस्तक वाचून आलेला वक्ता क्वचितच असतो, हेही सांगायला हवे.

हा क्रम कावेरीकाठाला नवा नव्हता. ‘अरंगेट्रम’ हा शब्द आज आपण नर्तकीच्या पहिल्या जाहीर नृत्यासाठी वापरतो. तमिळ परंपरेत नव्या ग्रंथाचे सभेपुढे पहिले वाचन, यालाही अरंगेट्रमच म्हणत. मायावरमजवळ राहणारे गोपालकृष्ण भारती यांचे ‘नंदनार चरित्रम्’ कथाकालक्षेपातून, म्हणजे आपल्या हरिकथेच्या धर्तीवरच्या सादरीकरणातून, लोकांच्या तोंडी बसले. छापील पुस्तक त्या मागणीतून आले. कुंभकोणमच्या कॉलेजात शिकवणारे उ. वे. स्वामीनाथ अय्यर यांनी १८८७ मध्ये ‘जीवक चिंतामणी’ची संपादित आवृत्ती काढली तेव्हा छपाईसाठी आगाऊ ग्राहकांच्या सह्या गोळा केल्या होत्या. आपण आज ज्याला प्रकाशनपूर्व सवलत म्हणतो, ती हीच.

आता हिशोब. समजा, तंजावरच्या एका मराठी घरातल्या विद्यार्थिनीने घरातले पाळणे आणि जात्यावरची गाणी गोळा करून तीनशे प्रती छापल्या. प्रतीला १२० रुपये, म्हणजे एकूण ३६,००० रुपये. किंमत ठेवली २५०. विक्रेत्याने चाळीस टक्के कमिशन घेतले तर तिच्या हाती १५० येतात. छपाई वजा जाता प्रतीमागे ३० रुपये. कार्यक्रमात तिने स्वतः वीस टक्के सवलतीने, २०० रुपयांना विकले तर प्रतीमागे ८० उरतात. वाचकालाही स्वस्त पडले. कार्यक्रमाला १,६०० रुपये खर्च आला (ध्वनिवर्धक, कॉफी, रिक्षा) तर वीस प्रती विकल्यावर तो खर्च आणि त्या वीस प्रतींची छपाई दोन्ही भरून निघतात. पंचवीसच माणसे येणार असतील तर त्यांतल्या वीस जणांनी पुस्तक घ्यावे लागेल, आणि ते घडणे कठीण. म्हणून कमी करायचा तो खर्च. हॉलचे भाडे हा त्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत टाळता येण्याजोगा भाग आहे.

भाडे टाळायचे म्हणजे जिथे माणसे आधीच जमतात तिथे आपण जायचे. कॉलेजचा भाषा विभाग, सार्वजनिक वाचनालय, एखादे मंडळ. करंदै तमिळ संगम १९११ पासून तंजावरात साहित्याचे काम करतो. अशा संस्थांना वर्षभर वक्ते लागतातच. त्यांना पत्र लिहिताना ‘माझ्या पुस्तकाचा कार्यक्रम ठेवा’ असे लिहू नका. ‘तंजावरच्या घरांतील पाळणे या विषयावर चाळीस मिनिटे बोलेन आणि गाऊन दाखवीन’ असे लिहा. संस्थेला विषय हवा असतो. आणि तारीख ठरवताना पंचांग पाहा: पुष्य वद्य पंचमीच्या सुमारास तिरुवैयारूला त्यागराज आराधना चालू असते. संगीतावरचे पुस्तक असेल तर ते दिवस सोन्याचे. नसेल तर त्या आठवड्यात तंजावरात तुमच्याकडे फारसे कोणी फिरकणार नाही.

आपल्या या विद्यार्थिनीची आणखी एक अडचण आहे आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तंजावरच्या अनेक घरांत मराठी अजून बोलली जाते, पण शिक्षण तमिळ-इंग्रजीत झाल्यामुळे नव्या पिढीतल्या पुष्कळांना देवनागरी सहज वाचता येत नाही. ज्यांच्या घरची गाणी, त्यांनाच पुस्तक परके. इथे जाहिरात काय करणार? इथे गाणेच म्हणावे लागेल. एखाद्या घराच्या ओसरीवर पंधरा बायका जमवाव्यात, पाळणा म्हणावा आणि ‘तुमच्याकडे हा कसा म्हणतात?’ असे विचारावे. कोणीतरी वेगळे कडवे सांगेल. ते वहीत उतरवून घ्यावे, दुसऱ्या आवृत्तीत सांगणारीच्या परवानगीने तिच्या नावासह घालावे. अशी बैठक छपाईपूर्वी झाली असती तर आणखी बरे: गाण्यांखाली तमिळ लिपीतही पाठ द्यायला हवा, हे पहिल्याच आवृत्तीत कळले असते.

कार्यक्रमाच्या दिवशीच्या काही बारीक गोष्टी. विक्रीचे टेबल दाराजवळ असावे आणि तिथे लेखकाने बसू नये, मित्राला बसवावे. लेखकासमोर पुस्तक चाळून परत ठेवायला माणसे संकोचतात आणि मग चाळतच नाहीत. सुटे पैसे आणि यूपीआयचा कोड दोन्ही ठेवावेत. आलेल्यांची नावे व फोन क्रमांक त्यांना विचारूनच वहीत घ्यावेत.

कायद्याचेही पाहून घ्या. आयएसबीएन क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. स्वतः छापले म्हणजे प्रकाशक तुम्हीच, तेव्हा तीनशेंच्या हिशोबातून या प्रती आधीच बाजूला काढा. चेन्नईचे कोन्नेमारा ग्रंथालय त्या यादीत आहे.