शिक्षक होण्याचा निर्णय : पहिला प्रश्न ‘कोणत्या वर्गाला शिकवणार?’

नवी दिल्ली : ‘दुसरे काही जमले नाही, तर बी.एड. करून ठेवू,’ असे म्हणत पदवीनंतर शिक्षकी पेशाकडे वळणाऱ्यांची संख्या देशात मोठी आहे. मात्र शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाल्यानंतर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या अलीकडील दोन निकालांनंतर असा निर्णय घेणे महागात पडू शकते. आपण कोणत्या वयोगटातील मुलांना शिकवणार, हे अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वीच ठरवणे आता आवश्यक झाले आहे.

पात्रता वर्गानुसार वेगळी

शिक्षकांची किमान पात्रता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद निश्चित करते. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. ही पदविका लागते. महाराष्ट्रात तिला आजही अनेक जण ‘डी.एड.’ म्हणूनच ओळखतात. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि त्यासोबत डी.एल.एड. किंवा बी.एड. चालते. नववी व दहावीसाठी संबंधित विषयातील पदवी आणि बी.एड., तर अकरावी व बारावीसाठी पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. अपेक्षित असते.

बी.एड. ही पदवी डी.एल.एड.पेक्षा वरची असल्याने ती सर्व वर्गांना चालेल, असा समज सर्वत्र आहे. परिषदेने २०१८ च्या अधिसूचनेद्वारे बी.एड.धारकांना प्राथमिक वर्गांसाठी पात्र ठरवले होते. नियुक्तीनंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करण्याची अट त्यात होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी ही तरतूद अमान्य केली. लहान मुलांना शिकवण्याचे कौशल्य स्वतंत्र असून बी.एड.चे प्रशिक्षण त्यासाठी आखलेले नाही आणि दर्जेदार प्राथमिक शिक्षण हा मुलांच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, अशी या निकालामागील भूमिका होती. निकालापूर्वी नियुक्त झालेल्यांना पुढे अटींसह संरक्षण मिळाले; मात्र नव्या बी.एड.धारकांसाठी प्राथमिक शाळेचे दार बंद झाले.

नोकरीत असलेल्यांनाही परीक्षा

पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी २०१० पासून शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजेच टीईटी, अनिवार्य आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ घेत असलेली केंद्रीय परीक्षा सीटीईटी या नावाने ओळखली जाते. तिचा पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, तर दुसरा सहावी ते आठवीसाठी असतो. प्रत्येक पेपर १५० गुणांचा असून सर्वसाधारण प्रवर्गाला उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के गुण लागतात. प्रमाणपत्र आजीवन वैध असते. या परीक्षेत निवडता येणाऱ्या २० भाषांमध्ये मराठीचा समावेश असल्याने महाराष्ट्राबाहेरील मराठी उमेदवारांनाही आपल्या भाषेचा पर्याय उपलब्ध आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी या परीक्षेची व्याप्ती आणखी वाढवली. सेवेची पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या कार्यरत शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, असे निर्देश न्यायालयाने दिले. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना निवृत्तीपर्यंत काम करता येईल. परंतु परीक्षेविना पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांबाबतचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यात आला.

महाराष्ट्रातील टप्पे आणि मानधन

महाराष्ट्रात टीईटीनंतर २०० गुणांची शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. तिला उत्तीर्णतेची किमान मर्यादा नाही. मात्र त्या गुणांच्या आधारेच ‘पवित्र’ या संकेतस्थळामार्फत भरतीची प्रक्रिया चालते. भरतीच्या दोन फेऱ्यांमध्ये अनेकदा मोठे अंतर पडते. त्यामुळे प्रतीक्षेच्या काळातील खर्चाची तरतूद निर्णयाच्या वेळीच करणे हिताचे ठरते.

निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. २०२३ पासून या काळात प्राथमिक स्तरावर दरमहा १६ हजार, माध्यमिक स्तरावर १८ हजार आणि उच्च माध्यमिक स्तरावर २० हजार रुपये मानधन मिळते. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी लागू होते. केंद्रीय विद्यालयात मात्र प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन सुरुवातीपासून ३५ हजार ४०० रुपये असते. विनाअनुदानित खासगी शाळांतील वेतनाबाबत उमेदवाराने आधीच चौकशी करणे योग्य ठरते.

कामाचे प्रत्यक्ष स्वरूप

शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक स्तरावर ३० विद्यार्थ्यांमागे, तर उच्च प्राथमिक स्तरावर ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण वगळता अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. शिक्षकांना खासगी शिकवण्या घेण्यासही मनाई आहे. शिकवण्यांतून जोडउत्पन्न मिळवण्याचा हिशेब मांडणाऱ्यांनी हे कलम लक्षात घ्यायला हवे.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये देशातील शिक्षकांची संख्या प्रथमच एक कोटीच्या पुढे गेली. त्याच वर्षी एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी होत्या. अशा शाळेत रुजू होणाऱ्याला अनेक इयत्ता एकाच खोलीत सांभाळाव्या लागतात आणि दप्तरी कामेही त्यालाच करावी लागतात.

प्रवेशापूर्वी काय पाहावे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. अभ्यासक्रम ही शिक्षकांची किमान पात्रता करण्याचे उद्दिष्ट आहे. २०२३-२४ पासून निवडक संस्थांमध्ये हा अभ्यासक्रम सुरू झाला आहे. बारावीलाच निर्णय पक्का झालेल्यांचे त्यात एक वर्ष वाचते; कारण तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचे बी.एड. मिळून पाच वर्षे लागतात. कोणताही अभ्यासक्रम निवडताना महाविद्यालयाला परिषदेची मान्यता आहे की नाही, याची खातरजमा करणे आवश्यक आहे.

दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये किमान २० आठवडे शाळेत प्रत्यक्ष काम करावे लागते. परंतु हा अनुभव शुल्क भरून झाल्यावर मिळतो. त्यामुळे प्रवेशापूर्वीच जवळच्या शाळेत परवानगी घेऊन पहिलीच्या आणि नववीच्या वर्गात काही दिवस बसून पाहणे उपयुक्त ठरते. सहा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख करून देणे आणि चौदा वर्षांच्या मुलीच्या बीजगणितातील शंका सोडवणे, यांपैकी आपल्याला काय जमेल आणि काय आवडेल, हे तेथे समजू शकते. पदविका की पदवी, हा निर्णय त्यानंतर घेणे सोपे जाते.