शिसवी लाकूड भंगारात देऊ नका. थोडं वापरा, पण दिसेल तिथे वापरा

गावात जुना वाडा पाडला की दुसऱ्याच दिवशी जुन्या लाकडाचा व्यापारी दारात येतो. दारं, तुळया, मोडका पलंग, झोपाळ्याची फळी असा सगळा ढीग बघून एकच उक्ता भाव सांगतो. घरच्यांना जागा मोकळी करायची घाई असते, सौदा होऊन जातो. त्या ढिगात धुराने काळी पडलेली एखादी फळी शिसवाची असते. तीच पॉलिश होऊन शहरातल्या दुकानात लागते तेव्हा तिचा भाव ऐकून त्याच घरातली माणसं परत येतात.

दुसरी चूक याच्या उलट होते. शिसव हाती लागलं म्हणून कपाटं, पलंग, किचन सगळंच शिसवी करतात. मग घर अंधारं दिसतं आणि लाकडाची नक्षी एकमेकीत हरवून जाते. म्हणून विकण्याआधी ओळखा आणि वापरण्याआधी ठरवा.

शिसव ओळखायचं कसं?

फळीच्या कोपऱ्यावर सुताराकडून रंध्याचे दोन हात मारून घ्या. सोनेरी तपकिरीपासून जांभळट काळ्यापर्यंत रंग आणि त्यात गडद रेघा दिसल्या तर शिसव असण्याची शक्यता मोठी. ताज्या कापाला मंद गोडसर वास येतो. वजनही सांगतं. सुकलेल्या शिसवाचं एक घनफूट साधारण २३ ते २४ किलो भरतं, सागाचं १८ ते १९ किलो.

बाजारात ‘शीशम’ नावाने येणारं लाकूड बऱ्याचदा उत्तरेकडच्या शिसूचं असतं. ते शिसवाचंच भाऊबंद आणि मजबूतही आहे, पण रंगाने फिकट असतं. त्याला शिसवाचा भाव देऊ नये. ‘रोझवूड’ लिहिलेला सनमायका म्हणजे तर नक्षी छापलेला कागद असतो, त्यात लाकूड नसतं.

एका खोलीत एकच मानाची वस्तू

ज्या फळीत नक्षी जास्त, ती डोळ्यासमोर येईल अशा जागी लावावी. टेबलाचा वरचा भाग, पलंगाची डोक्याकडची बाजू, देव्हाऱ्याची दारं किंवा झोपाळ्याची फळी. एका खोलीत यातली एकच वस्तू पुरे. बाकी पाय, चौकट, मागची बाजू सागाची किंवा साध्या लाकडाची चालते. नक्षीदार लाकडावर कोरीव काम करू नये. वेलबुट्टी आणि लाकडाच्या रेघा एकत्र आल्या की दोन्ही दिसत नाहीत. भिंत पांढरी किंवा फिकट ठेवा, कड्या-मुठी पितळी लावा.

आजोबांचा पलंग पूर्ण शाबूत असेल तर तो कापू नका. दुरुस्त करून तसाच वापरा. मोडला असेल तरच त्याचं टेबल किंवा बाक करावा.

किचनमध्ये कुठे आणि कुठे नाही?

सिंकखाली आणि गॅसच्या मागे अस्सल लाकूड नको. तिथे पाणी, वाफ, तेल सगळंच लागतं. सिंकजवळच्या खणांना आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय आणि वरून साधा फिकट सनमायका बरा. शिसवी वरच्या कपाटांच्या एका ओळीला किंवा भांड्यांच्या उघड्या फळ्यांच्या दर्शनी पट्टीला लावा. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा असेल तर टाईल्स फिकटच घ्या.

लाकूड कमी असेल तर शिसवी व्हेनिअर मिळतं, म्हणजे प्लायवर चिकटवायचा खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा. तो साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे पॉलिश पेपर जपून मारावा लागतो. सगळे ताव एकाच ओंडक्याचे, ओळीने लागलेले मागा. शेजारच्या दोन दारांवर पुस्तकाची पानं उघडावी तसे लावले की नक्षी समोरासमोर जुळते. दारांवर रेघा उभ्या ठेवा. शेजारी-शेजारी ड्रॉवर असतील तर आडवी नक्षी एका ड्रॉवरमधून दुसऱ्यात सलग जाऊ द्या.

उरलेल्या तुकड्यांचं पोळपाट-लाटणं करून घ्या. धुऊन लगेच पुसायचं, अधूनमधून खोबरेल तेलाचा हात द्यायचा.

सुताराला आधीच सांगायच्या गोष्टी

– जुन्या लाकडातले खिळे चुंबक फिरवून शोधा आणि काढा. एक खिळा राहिला तरी करवतीचं पातं जातं.
– बाहेरचा पांढरट भाग काढून टाका. भुंगा तिथेच लागतो.
– शिसवात तेलकटपणा असतो. फेविकॉल लावण्याआधी सांधा थिनरने पुसून घ्या.
– रुंद फळी चारही बाजूंनी खिळ्या-स्क्रूने आवळू नका. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि मग तडकते. स्क्रूची भोकं लांबट ठेवा.
– छिद्रं भरायला पांढरी खडूची पूड नको. काळ्या लाकडात पांढरे ठिपके दिसतात. रंग मिसळलेलं फिलर वापरा.
– चपडा लाखेचं पॉलिश देव्हाऱ्याला, पलंगाला शोभतं. पण ओल्या किंवा गरम भांड्याने त्यावर पांढरे डाग पडतात. जेवणाच्या टेबलाला आणि किचनला पीयू करा.
– शिसवाच्या भुशाने अंगाला खाज सुटू शकते, श्वासालाही त्रास होतो. काम उघड्यावर आणि तोंडाला मास्क लावून करावं.

झाड तोडण्याआधी विचारा

शेतात, बांधावर शिसवाचं झाड उभं असेल तर ‘आपलंच आहे’ म्हणून कुऱ्हाड लावू नका. आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन तोडीच्या परवानगीची आणि वाहतूक पासाची लेखी चौकशी करा. लाकूड विकत घेतलं असेल तर बिल जपून ठेवा. शिसवाच्या संपूर्ण कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून ‘साइट्स’ कराराच्या नियमात आला आहे. परदेशातल्या लेकीला किंवा लेकाला शिसवी वस्तू पाठवायची असेल तर कागदपत्रांची चौकशी आधी करावी.

हे झाड फार सावकाश वाढतं. आज पाडलेल्या वाड्यातल्या फळीइतकी जाडी यायला दोन-तीन पिढ्या जातात. म्हणून व्यापारी दारात आला की लगेच हो म्हणू नका. आधी गावातल्या जाणत्या सुताराला बोलवा, ढीग उलटा करून दाखवा आणि शिसवी तुकडे बाजूला काढून मगच बाकीच्या लाकडाचा भाव करा.