‘काही नाही, घरीच असते!’

मैत्रिणींनो, ‘तुम्ही काय करता?’ असं कुणी विचारलं, की आपण चटकन म्हणतो, ‘काही नाही, घरीच असते!’ त्या ‘काही नाही’त काय काय दडलेलं असतं, ते इंग्लंडच्या व्हिक्टोरिया वुडनं (१९५३–२०१६) नेमकं हेरलं होतं. ही विनोदी नटी आपले संवाद स्वतःच लिही. ‘डिनरलेडीज’ (१९९८–२०००) या मालिकेत तिनं मँचेस्टरच्या एका कारखान्यातल्या कँटीनमध्ये राबणाऱ्या बायकांच्या गप्पांवर सारं घर हसवलं. सोळाही भाग तिनंच लिहिले!

आणि मग तिच्या हाती आली नेला लास्टची रोजनिशी. दुसऱ्या महायुद्धात बॅरो गावच्या या गृहिणीनं ‘मास ऑब्झर्व्हेशन’ संस्थेसाठी ती लिहिली होती. ओळख एवढीच : ‘गृहिणी, वय ४९’. मनानं खचलेली नेला स्वयंसेविकांबरोबर कामाला जाऊ लागली नि हळूहळू सावरली. व्हिक्टोरियानं त्यावर ‘हाउसवाइफ, ४९’ (२००६) हा टीव्हीपट लिहिला, नेलाची भूमिकाही केली. हसवणाऱ्या बाईनं या वेळी डोळ्यांत पाणी आणलं! २००७ मध्ये अभिनयाचा आणि उत्कृष्ट नाट्याचा असे दोन्ही ‘बाफ्टा’ पुरस्कार तिला मिळाले.

तेव्हा आज हिशेबाच्या वहीत दुधाच्या आकड्याखाली दोन ओळी स्वतःच्याही लिहा पाहू!