अचूकता स्वस्त झाली, घड्याळ महाग झाले

दोन-तीनशे रुपयांचे, बॅटरीवर चालणारे मनगटी घड्याळ महिन्याला साधारण पंधरा-वीस सेकंद पुढे किंवा मागे जाते. आता दुसरे घड्याळ घेऊ. ते स्वित्झर्लंडमध्ये बनलेले, कमानीवर चालणारे आणि काही लाख रुपये किमतीचे आहे. त्याला अचूकतेचे अधिकृत स्विस प्रमाणपत्र मिळण्यासाठी दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी चूक चालते. रोजचे सहा सेकंद म्हणजे महिन्याचे तीन मिनिटे! हजारपट किंमत मोजायची आणि दहापट चुकण्याची मुभा असलेले घड्याळ घ्यायचे, हा काय व्यवहार झाला? तरीही अशी घड्याळे खपतात. इतकेच नव्हे, तर पन्नास-साठ वर्षांपूर्वीची घड्याळे शोधून जमवणारे लोकही जगभर आहेत. असे का व्हावे, ते पाहू.

पाच ठोके आणि ३२,७६८ कंपने

चावीच्या घड्याळात पिळलेल्या कमानीतली ऊर्जा दातेरी चक्रांमधून एका लहान तोलचक्राकडे जाते. केसासारख्या बारीक कमानीमुळे हे चक्र मागेपुढे हेलकावते आणि प्रत्येक हेलकाव्याला बाकीच्या चक्रांना ठरावीक अंतरच सरकू देते. हीच आपल्याला ऐकू येणारी टिकटिक. जुन्या अनेक घड्याळांत ती तासाला १८,००० वेळा, म्हणजे सेकंदाला पाच वेळा होते. तापमान, वंगणाचा घट्टपणा, घड्याळ उभे आहे की आडवे, जवळ चुंबक आहे का, या सर्वांचा तिच्यावर परिणाम होतो.

क्वार्ट्झच्या स्फटिकावर दाब दिला की विद्युतभार निर्माण होतो, हे जाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. उलट, स्फटिकाला विद्युतदाब दिला की त्याचा आकार किंचित बदलतो. त्यामुळे विजेच्या साहाय्याने त्याला सतत कंप पावत ठेवता येते. आजच्या बहुतेक क्वार्ट्झ घड्याळांत स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हीच संख्या का? विद्यार्थ्यांना तिची निमपट करायला सांगावी, मग त्या निमपटीची निमपट, असे पंधरा वेळा. शेवटी नेमका १ उरतो. घड्याळातले इलेक्ट्रॉनिक मंडल हेच करते आणि दर सेकंदाला काटा पुढे ढकलते.

चैनीची जागा बदलली

२५ डिसेंबर १९६९ रोजी सेइको कंपनीने टोकियोत ‘ॲस्ट्रॉन’ हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. त्याची किंमत होती ४,५०,००० येन. जपानमध्ये तेव्हा तेवढ्यात लहान मोटारगाडी येत असे. म्हणजे त्या दिवशी अचूकता हीच चैन होती! पण इलेक्ट्रॉनिक भाग झपाट्याने स्वस्त झाले आणि ही चैन सर्वांच्या मनगटावर आली. त्याची झळ स्वित्झर्लंडला बसली. १९७० च्या सुमारास तेथील घड्याळ उद्योगात सुमारे ९० हजार लोक काम करत. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांची संख्या जवळजवळ एक-तृतीयांशावर आली.

वेळ दाखवण्याच्या कामात यांत्रिक घड्याळ हरले होते. मग ते टिकले कसे? त्याचे मोल दुसरीकडे सरकले. १९७२ मध्ये ओदमार पिगे कंपनीने ‘रॉयल ओक’ हे घड्याळ काढले. ते साध्या पोलादाचे होते, तरी कित्येक सोन्याच्या घड्याळांपेक्षा महाग. गिऱ्हाईक आता धातूचे पैसे देत नव्हते, तर घडणीचे, हातकामाचे आणि नावाचे देत होते.

जुन्या घड्याळांत आणखी एक गोष्ट मिळते : दुर्मिळता. रोलेक्सच्या ‘डेटोना’ घड्याळाची एक आगळी तबकडी १९६० च्या दशकात फारशी खपली नाही. खपली नाही म्हणून ती थोडी बनली, आणि थोडी बनली म्हणून पुढे शोधली जाऊ लागली. नट पॉल न्यूमन यांनी वापरलेले असेच एक घड्याळ ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरना गेले. अर्थात, ही आवड स्थिर नसते. करोनाच्या काळात नामांकित घड्याळांच्या फेरविक्रीच्या किमती चढत गेल्या आणि २०२२ मध्ये शिखर गाठून उतरल्या. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांनी हे विसरू नये.

अंधारातला पुरावा

जुने घड्याळ अस्सल आहे की नाही, हे ठरवताना भौतिकशास्त्र उपयोगी पडते. पूर्वी अंधारात चमकणाऱ्या काट्यांना रेडियम आणि झिंक सल्फाइड यांचा लेप देत. रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षे, पण त्याच्या माऱ्याने झिंक सल्फाइड काही दशकांतच निकामी होते. म्हणून १९५० सालच्या घड्याळाचे काटे आज लख्ख चमकत असतील, तर लेप नंतर लावलेला असण्याची शंका घ्यावी. मात्र चमक गेली तरी किरणोत्सार गेलेला नसतो. अशा घड्याळाची काच उघडू नये आणि लेप खरवडू नये. ही सूचना वर्गात आवर्जून द्यावी.

आपल्या देशातही हा छंद आहे. एच.एम.टी.चा घड्याळ कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला सुरू झाला. चावीचे ‘जनता’ घड्याळ घरोघरी पोचले. एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय जानेवारी २०१६ मध्ये झाला, आणि ‘जनता’ शोधणारे वाढले. त्याचबरोबर जुन्या यंत्रावर नवी रंगीत तबकडी चढवलेली घड्याळेही बाजारात आली. परदेशी संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि टाळतात. त्यांच्या लेखी नव्या चकचकीत तबकडीपेक्षा मूळची डागाळलेली तबकडी मोलाची असते, कारण ती पुन्हा बनवता येत नाही.

तेव्हा घरातल्या खणात आजोबांचे घड्याळ पडले असेल, तर ते ‘नव्यासारखे’ करून घेण्याची घाई करू नये. जाणत्या कारागिराकडून आतली सफाई करून, तेल घालून घ्यावे. तबकडीला हात लावू देऊ नये. मग चावी देऊन ते कानाशी धरावे आणि ठोके मोजावेत. ते रोज अर्धा मिनिट चुकेल. बरोबर वेळ सांगायला आपल्या खिशात दुसरे साधन आहे. हे घड्याळ चालते ठेवणारे हात मात्र गावोगाव कमी होत आहेत, आणि खरी दुर्मिळ होत चाललेली गोष्ट तीच आहे.